तीन सिलिंडर आणि चेन कुप्पी

(दृश्य: कोल्हापुरातल्या एका घराचं परसू. पत्र्याच्या शेडखाली बॉनेट काढलेली मारुती 800.)

गाडी निळा धूर सोडायला लागली आणि सारखं ऑइल मागायला लागली, की मालकापुढे दोन वाटा उरतात. इंजिन खोलून बोअर करायचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून तासून घ्यायचे, नवे पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. नाहीतर दुसरं चालतं इंजिन आणून बसवायचं. कोल्हापुरात पहिली वाट सोयीची, कारण बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी शिवाजी उद्यमनगर जवळच आहे. पण ही गाडी मागे कधीतरी पाणी संपून सणकून तापली होती. अॅल्युमिनियमचं हेड वाकलं, ब्लॉकला बारीक तडा गेला. म्हणून काका आणि पुतण्यानं दुसरी वाट धरली.

हे काम घरी करायचं धाडस होतं, ते याच गाडीमुळे. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली. 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. मधल्या काळात देशात 25 लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. 796 सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ताकद देणारं, आडवं बसवलेलं छोटंसं इंजिन. ही गाडी कार्बोरेटरची आहे, म्हणजे संगणक नाही, सेन्सरचं जाळं नाही. पुढे एमपीएफआय इंजिन आलं, म्हणजे संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणारं. कार्बोरेटरच्या गाडीत ते इंजिन बसवायचं तर त्याचं वायरिंग, ईसीयू (तोच तो संगणक), टाकीतला पंप, पेट्रोलच्या नळ्या, सगळंच बदलावं लागतं. काका त्या फंदात पडले नाहीत. कार्बोरेटरच्या जागी कार्बोरेटरचंच.

पाना हातात घेण्याआधी कागद. इंजिन नंबर आरसी बुकात नोंदलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली हा बदल येतो, म्हणून आधी आरटीओची परवानगी आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवणं. मुंबईत कुर्ल्याला किंवा इतर जुन्या बाजारांत इंजिनं ढिगानं मिळतात. पण ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद आणि पक्कं बिल नसेल, तर स्वस्तातलं इंजिन चोरीच्या गाडीचंही निघू शकतं. नंबर घासलेला दिसला की मागे फिरायचं, भाव कितीही चांगला असो.

(दृश्य: मास्किंग टेपचे तुकडे, त्यावर पेननं आकडे.)

काकांची उभी हयात गॅरेजमध्ये गेली. पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या दिवशी पुतण्यानं फक्त चिठ्ठ्या चिकटवल्या. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडली. मग थंड इंजिनातलं पाणी, इंजिन ऑइल, गिअर ऑइल काढलं. त्यानंतर एकेक जोड: अॅक्सिलरेटर, चोक, क्लच आणि स्पीडोमीटरच्या केबल, अल्टरनेटर आणि स्टार्टरच्या तारा, ऑइल प्रेशरचा स्विच, रेडिएटर आणि हीटरचे होज, पेट्रोलच्या नळ्या. प्रत्येक टोकाला आकडा, समोरच्या टोकाला तोच आकडा, आणि मोबाइलवर फोटो. इंजिन उतरवायला ताकद लागते असा समज आहे. ताकद कुप्पी लावते, म्हणजे इंजिन वर ओढणारी साखळीची कप्पी. माणसानं क्रम सांभाळायचा.

खालची बाजू मात्र घाम काढते. सायलेन्सरच्या पाइपाचे नट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी एक स्टड तुटलाच. तो ड्रिलनं काढण्यात दुपार गेली. मग ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून उचकून काढायचे. इथं गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, उभी हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस काकांच्या हाताखाली टिकत नाही.

आणि कुप्पी टांगायची कुठं? घरच्या कामात अपघात होतो तो बहुधा इथं. आंब्याच्या फांदीला इंजिन टांगल्याचे किस्से गावोगावी ऐकू येतात. ऐकायला छान आहेत. शेडचा पत्रा पेलणारा अँगलही यासाठी नसतो. इथं लोखंडी पाइपांची तिपाई भाड्यानं आणली, त्यावर एक टनाची चेन कुप्पी.

फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे, बोल्ट सगळ्यात शेवटी. काही जण गिअरबॉक्ससकट इंजिन काढतात. काकांनी गिअरबॉक्सला खालून जॅकचा टेकू दिला आणि एकटं इंजिन सोडवलं. दर दोन-चार कड्यांनी थांबून सगळ्या बाजूंनी पाहायचं, एखादी विसरलेली तार ताणली जातेय का. एक निघालीच, अर्थिंगची.

(दृश्य: जुनं आणि आणलेलं इंजिन शेजारी शेजारी.)

आता घाई करायची नाही. ओम्नीचं इंजिनही 796 सीसीचं, पण ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ब्लॉक ओळखीचा वाटला म्हणून ते इथं तसंच बसेल, असं समजू नये. दोन्ही इंजिनांचे फाउंडेशन, ऑइल संप, मॅनिफोल्ड ताडून घेतले. इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, क्रँकचं मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नवे टाकायचे. यात काटकसर म्हणजे शुद्ध वेडेपणा. हे सील गळलं तर एवढाच खटाटोप पुन्हा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जोडणीच्या एका क्षणात. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून आत जायला हवा. प्लेट केसभर सरकली असेल तर इंजिन बोटभर अंतरावर अडून बसतं.

"काका, बसंना की ओ!"

"बळ लावू नगंस. गिअर टाक, अन् क्रँकची पुली पान्यानं हळू फिरीव."

अशा वेळी बोल्ट आवळून इंजिन ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलं की क्लच प्लेट वाकते, नाहीतर गिअरबॉक्सचा अॅल्युमिनियमचा कान तुटतो. पुली जराशी फिरली, खाचा जुळल्या, आणि इंजिन हाताच्या रेट्यानं आत सरकलं. बोल्ट आधी बोटांनी लावले, पाना नंतर. फाउंडेशन, शाफ्ट, नळ्या, तारा, आणि चिठ्ठ्यांवरचे आकडे उलट्या क्रमानं.

चावी फिरवण्याआधी, ठिणगी पडू नये म्हणून, कॉइलची तार काढून ठेवली. नुसता स्टार्टर फिरवून डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत ऑइल वर चढू दिलं. मग तार लावली. पहिल्यांदा खोकलं, कारण रिकाम्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल यायला वेळ लागतो. दुसऱ्यांदा धरलं. टायमिंग लाइटनं ठिणगीचं टायमिंग लावलं, स्लो सेट केला, टॉर्चच्या उजेडात गळती शोधली. एका होजची क्लिप पाझरत होती, ती आवळली.

पुतण्याला लगेच चक्कर मारायची होती. काकांनी त्याला हीटर चालू करून बसवलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं आणि इंजिन तापेपर्यंत पाण्यातले बुडबुडे निघू दिले. पाणी खाली गेलं तसं भरत राहिले. मग झाकण लावलं. पुढचा पंखा आपणहून सुरू झाला, काही वेळानं आपणहून थांबला, आणि काका बॉनेट आणायला उठले.