अर्धी गोधडी नेमकी कुठे होते?

[समोर सतरंजीवर टाचून ठेवलेली गोधडी. शेजारी सुई, दोरा, अंगुस्तान.]

नमस्कार. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, हौसेने सुरू होते आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर गुंडाळून माळ्यावर जाते. कारण सहसा एकच: आठवडाभर सुई चालवली तरी काठालगत बोटभर पट्टी शिवलेली दिसते आणि मधलं मैदान तसंच्या तसं. आज त्या मैदानाचा हिशेब करू.

आपली गोधडी 60 इंच रुंद, 84 इंच लांब. चार थर: खाली एक, वर एक, आत दोन. दोन जुन्या सुती नऊवारी पुरतात. नऊ वार म्हणजे 324 इंच, पन्हा साधारण 45. त्यातून 84 इंचांचे तीन तुकडे काढा. दोन तुकडे अख्खे वापरायचे, तिसऱ्यातून 15-15 इंचांच्या पट्ट्या काढून त्यांना रुंदीत भर घालायची. एका नऊवारीत दोन थर झाले, वर गोटापुरतं, म्हणजे काठाच्या पट्टीपुरतं, कापडही उरलं. विरलेला भाग आधीच बाजूला काढा. तिथे टाका धरत नाही, ओढ बसली की कापड टाक्यापासून फाटतं. जोड सगळे एकाच बाजूला आणू नका, तिथे वळकटीसारखा उंचवटा येतो. एका थराचा जोड डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे.

आत सिंथेटिक साडी घालायचा मोह होतो, कारण त्या घरात ढिगाने असतात. नको. ती दोन सुती थरांमध्ये सरकत राहते आणि घामही शोषत नाही. कोरं कापडही जुन्याच्या जोडीला धुतल्याशिवाय घेऊ नका. त्याची खळ निघते, ते आटतं, आणि शेजारचं जुनं कापड आटत नसल्याने चुण्या पडतात. लाल, जांभळ्या, गडद हिरव्या तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाद.

आता टाचणं. इथे घाई केली तर पुढचे तीन महिने ती नडते. आपल्याकडे गोधडी बहुतेक काठाकडून मध्याकडे, फेऱ्या घालत शिवतात. उत्तर कन्नडातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची ‘कवंद’ नावाची गोधडीही अशीच काठाकडून आत येते, आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे तिकोनी तुकडे लावतात. या पद्धतीत काठ आधी बंद होतात. कापडात जो काही झोळ राहिला असेल तो फेरीगणिक आत ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा होऊन बसतो. म्हणून शिवण काठाकडून असली तरी टाचण मध्यापासून बाहेर. तळहाताने कापड बाहेर सारत, वीत-वीत अंतरावर आडवे-उभे लांब कच्चे टाके घाला. ते टाके त्यांच्याजवळ फेरी पोहोचेपर्यंत उसवायचे नाहीत.

तरी फुगा आलाच तर ओढून-ताणून सपाट करू नका. छोटी चुणी घाला, दाबा, वर ठिगळाचा तुकडा लावा. कितीतरी जुन्या गोधड्यांच्या मधल्या चौकटीखाली अशी चुणी निघेल!

[कागदावर आयत काढून दाखवणे]

आता हिशेब. दोन फेऱ्यांत पाऊण इंच अंतर ठेवलं तर मध्यापर्यंत 40 फेऱ्या होतात. पण फेरी हे फसवं माप आहे. पहिली फेरी 288 इंचांची, शेवटची जेमतेम 54 इंचांची. म्हणून मोजायचा तो दोरा. सुईत 30 इंच दोरा ओवा. गाठ, शेपूट आणि टाक्यांत मुरणारा भाग सोडला तर त्यात साधारण 24 इंच शिवण होते. अख्ख्या गोधडीला असे सुमारे 280 दोरे लागतात. पहिल्या फेरीला 12, शेवटच्या फेरीला दोन-सव्वादोन.

रोज चार दोरे धरले तर पहिलीच फेरी तीन दिवस खाते. नेमकं याच टप्प्यावर माणूस खचतो. पण चौदावी फेरी पूर्ण झाली की काठापासून फक्त साडेदहा इंच शिवलेले असतात, मधे 39 बाय 63 इंचांचा मोकळा आयत दिसतो, आणि अर्धं काम संपलेलं असतं. 40 पैकी 14 फेऱ्यांत अर्धं! तिथून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा पाव दोऱ्याने कमी होत जाते.

हात बसला असेल तर एका दोऱ्याला दहा-बारा मिनिटं, नवख्याला वीस. रोज चार दोरे, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे जवळपास बारा आठवडे. फेब्रुवारीच्या मध्याला पहिली फेरी घातली तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटची. पावसाआधी संपवणं महत्त्वाचं, कारण चार थर पावसाळ्यात वाळत नाहीत आणि कुबट वास धरला की तो लवकर जात नाही.

वहीत नोंद ठेवण्यापेक्षा एक सोपी युक्ती: बरणीत 280 चिंचोके मोजून ठेवा. एक दोरा संपला की एक चिंचोका दुसऱ्या बरणीत.

30 इंचांपेक्षा लांब दोरा घेऊ नका. सुई ओवायचा त्रास वाचतो खरा, पण तोच दोरा थरांतून पुन्हापुन्हा घासून केसाळ होतो, पिळतो, गाठी धरतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. दोरा जाडा सुतीच घ्या. पॉलिस्टर दोरा स्वतः तुटत नाही, जुनं मऊ कापड कापतो. लागेल तेवढा एकदम आणा. शिवण 170 मीटरची असली तरी गाठी, टाके आणि वाया जाणारा धरून दोरा सव्वादोनशे मीटरच्या आसपास जातो. नंतर आणलेल्या रिळाची छटा जुळेलच असं नाही. दाभण नको, भोकं मोठी पडतात. दीड-दोन इंची सुई आणि मधल्या बोटात अंगुस्तान. इंचाला चार टाके. एका दमात सुईवर चार टाके भरून मगच ओढा.

दोघी मिळून शिवत असाल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसा आणि रोज जागा बदला. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल असतो, आणि जागा कायम ठेवल्या तर गोधडी तिरकी होते.

रोज उठताना सुई कापडात टोचून ठेवायची नाही. ती गंजते आणि गंजाचा डाग निघत नाही. घडी न घालता गुंडाळा, आत सुका कडुनिंबाचा पाला टाका. आठ-दहा दिवस खंड पडला तर त्या दिवसांचे दोरे एका बैठकीत भरून काढू नका. बोट सोलतं, टाके लांब पडतात आणि मग ते उसवण्यात दोन दिवस जातात. चारच दोरे घाला आणि शेवटची तारीख पुढे न्या.

मध्याला पोहोचलात की शेवटचे कच्चे टाके काढा आणि गोधडी उलटी करा. खालच्या बाजूला जिथे टाका सैल लोंबतोय तिथे नवा टाका आत्ताच घाला, कारण पायाच्या बोटात तोच अडकतो. मग गोट. पहिलं धुणं गार पाण्यात, न पिळता. वाळवताना दोरीवर एका रेषेत लोंबकळत ठेवू नका, ओल्या गोधडीच्या वजनाने मधले टाके ताणले जातात. उन्हात बाजेवर पसरा आणि दुपारी एकदा उलटा.