चौगुल्यांचं अँटवर्प आणि आपला रविवार

नमस्कार श्रोते हो. पावसाळा सरला की पहाटे साडेपाचला रस्त्यांवर पळणारी मंडळी वाढू लागतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते, त्याची ही तयारी. कुणाची हाफ म्हणजे अर्धी, कुणाची फुल म्हणजे पूर्ण मॅरेथॉन. बँकेत काम करणारे, शिक्षिका, डॉक्टर, दुकानदार, सगळे त्यात असतात. या हौशी धावणाऱ्यांत आणि जगातल्या अव्वल धावपटूंत फरक नेमका कशाचा, याबद्दल आज बोलायचंय.

आधी थोडे आकडे. केनियाचा एलियुड किपचोगे 2022 साली बर्लिनमध्ये पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर, धावला, 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांत. म्हणजे एका किलोमीटरला 2 मिनिटं 52 सेकंद. आपल्यातला पाच तासांत फुल पूर्ण करणारा माणूस एका किलोमीटरला सात मिनिटं घेतो. पुन्हा सांगते: त्याची पावणेतीनच्या जरा पुढे, आपली सात. 400 मीटरच्या ट्रॅकवर 69 सेकंदांत एक फेरी मारायची, आणि अशा 105 फेऱ्या मारायच्या, तेव्हा किपचोगे होतो.

    

एवढा फरक ऐकला की आपण म्हणतो, ते लोक जन्मालाच वेगळे येतात. जन्माचा वाटा आहेच, उंचावरच्या विरळ हवेचाही आहे. किपचोगेचं केनियातल्या कप्तागतचं सराव-शिबिर समुद्रसपाटीपासून 2,400 मीटरच्या आसपास आहे. पण एवढ्यावर थांबू नका. त्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगते.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलंय. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा आहेत. जिमखान्याचे अध्यक्ष आहेत सर दोराबजी टाटा. केंब्रिजला शिकलेले, स्वतः खेळाडू, इंग्लंडमधलं मैदान आणि तिथली शिस्त जवळून पाहिलेले. आणि इथे त्यांच्यासमोर काय, तर ओबडधोबड गवताचं छोटं मैदान, आणि पळायला आलेली शेतकऱ्यांची पोरं. दिवसभर रानात राबणारी, साधंसुधं खाणारी. सराव कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, नियम माहीत नाहीत. लांब पल्ल्याची शर्यत लागली आणि ही पोरं पळाली. अनवाणी! टाटांनी वेळा पाहिल्या. त्या युरोपातल्या नावाजलेल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. टाटांनी पुढे हे सगळं पत्रात लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.

टाटांना राहवेना. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला गेला, पैसा उभा राहिला, टाटांनी पदरचेही घातले, आणि 1920 साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ निघाला. मॅरेथॉनसाठी दोन गडी होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. नावं लक्षात ठेवा श्रोते हो, आपल्या पाठ्यपुस्तकांत ती सापडत नाहीत.

बोटीने प्रवास. आणि मग 22 ऑगस्ट 1920. अँटवर्पमध्ये पाऊस, गारठा. आपल्या उन्हात तापलेल्या शरीराला ती हवा अगदी परकी. अंतर तरी ठरलेलं असावं? तेही नाही. त्या वर्षी मॅरेथॉन होती 42 किलोमीटर 750 मीटरची, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. दातारांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुले मात्र पळत राहिले. एकेक गडी मागे टाकत असतील, एखादा त्यांना मागे टाकत असेल, भाषा कुणाची कळत नाही, रस्ता ओळखीचा नाही. 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. एकोणिसावा क्रमांक. साऱ्या जगात एकोणिसावे!

पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, 2 तास 32 मिनिटं 35 सेकंद. तो गवंडीकाम करणारा माणूस, बरं का.

आता गंमत पाहा. कोलेहमाइनेनचा किलोमीटर पडला 3 मिनिटं 34 सेकंदांना. चौगुल्यांचा 4 मिनिटांना. फरक 26 सेकंदांचा. आणि आज पाच तासवाल्यात आणि किपचोगेत फरक आहे चार मिनिटांहून जास्त. चौगुले निवडून काढलेले गुणी धावपटू होते, त्यांची तुलना सरसकट कुणाशीही होणार नाही, हे मला मान्य आहे. पण आजच्या अंतरावर त्याच वेगाने ते 2 तास 48 मिनिटांच्या आसपास आले असते. आज शहरातले कितीतरी हौशी धावपटू भारी घड्याळ आणि तळात कार्बनची पट्टी असलेले बूट घालून तीन तासांच्या आत येण्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात.

शंभर वर्षांत अव्वल धावपटू पुढे सरकले, 3:34 वरून 2:52 वर. आणि आपलं शरीर खुर्चीत बसलं. चौगुल्यांच्या सोबत पळणाऱ्या पोरांचं अंग दिवसभराच्या चालण्या-वाकण्याने, ओझी वाहण्याने तयार झालेलं होतं. आपण पहाटे एक तास पळतो आणि मग दहा तास बसतो. म्हणून सांगते, फरक पहाटेच्या त्या एका तासात नाही, उरलेल्या तेवीस तासांत आहे. उरलेल्या तेवीस तासांत.

शास्त्र थोडक्यात. शरीर मिनिटाला किलोमागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं, तो व्हीओटू मॅक्स. तुमचं घड्याळ दाखवतं तोच, अंदाजाने. बैठ्या माणसाचा 35-40, अव्वल पुरुष धावपटूचा 70 ते 85. तो सरावाने वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे वर्षानुवर्षं वाढत राहते ती दुसरी गोष्ट: त्याच प्राणवायूत जास्त अंतर कापण्याची, वेग धरून ठेवण्याची ताकद. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळायची सवय लागते. ही ताकद येते सावकाश पळण्याने, पुष्कळ सावकाश पळण्याने. वात मोठी केली की तेल लवकर संपतं, तसं वेगात पळताना शरीरातली साखर भराभर संपते.

किपचोगे आठवड्याला 200 किलोमीटरच्या वर पळायचा, पण त्यातले बहुतेक हलके. त्याच्या हलक्या पळण्याची सुरुवात इतकी संथ असायची की आपल्यातला बरा धावणारा थोडा वेळ सोबत राहू शकला असता. कठीण दिवस आठवड्यातले मोजकेच. दुपारची झोप ठरलेली.

आणि आपण? ग्रुपमध्ये कुणी पुढे गेलं की आपण चढाओढ लावतो. रोजच मध्यम जोरात, रोजच थकलेले. हलका दिवस हलका राहत नाही, म्हणून जोराच्या दिवशी जोर उरत नाही. रात्री बारापर्यंत मोबाईल, पहाटे पाचला गजर. मग जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढावर पोटऱ्यांत गोळे येतात आणि दोष बुटांना दिला जातो.

त्यांचे 200 किलोमीटर उचलायला जाऊ नका, गुडघे साथ देणार नाहीत. त्यांचा संथपणा उचला, त्यांची झोप उचला. ऑफिसात तासाला एकदा उठून चाला, जिन्याने जा. आणि या रविवारी लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या लांब पल्ल्याच्या पळण्याला, निघाल तेव्हा शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगाने पळा. वाक्य तुटू लागलं की वेग कमी करा, कुणीही पुढे जावो. दुपारी जेवून तासभर झोपा. जोराचा सराव मंगळवारी.

नमस्कार.