काही लागलं तर सांग

(पडदा काळा. मेसेजची टोन वाजते. पुन्हा वाजते. पुन्हा.)

"काही लागलं तर सांग हं."

ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं की पहिल्या आठवड्यात हे वाक्य इतक्यांदा येतं, की शेवटी ती नुसता अंगठा पाठवून मोकळी होते. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण काय लागेल हे ओळखायचं तिनंच, कुणाला सांगायचं ते ठरवायचं तिनंच, आणि संकोच गिळून मागायचंही तिनंच.

आता हे ऐका. "गुरुवारी केमो आहे ना? साडेआठला गाडी घेऊन खाली थांबतो. नको असेल तर आदल्या रात्री कळव." इथे तिला फक्त 'बरं' म्हणायचंय.

(दृश्य: बेसिनच्या कडेला मापाचा छोटा पेला, वही, पेन.)

स्तन किंवा काखेतल्या गाठी काढल्या, की बऱ्याचदा जखमेतून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते. टोकाला मऊ फुगा, त्यात द्रव साठतो. हॉस्पिटलात याला ड्रेन म्हणतात. झाकण उघडायचं, द्रव पेल्यात ओतायचा, किती मिली भरला ते वेळेसह वहीत लिहायचं. मग फुगा दाबून आतली हवा काढायची आणि तो दाबलेला असतानाच झाकण लावायचं. द्रव आधी लाल असतो, मग गुलाबी, मग फिकट पिवळा. आकडा पुरेसा उतरला की सर्जन नळी काढतात, बहुधा एक-दोन आठवड्यांत. तोवर तो हात नीट वर जात नाही, केस विंचरतानाही अडतं. रोज येऊन, नाक न मुरडता ही वही भरणारं माणूस मिळालं तर अर्धा घोर मिटतो.

केमो साधारण दोन किंवा तीन आठवड्यांनी एकदा असते. त्या दिवशी सगळे सोबत असतात. खरे नाजूक दिवस पुढे येतात, बहुधा सातव्यापासून चौदाव्यापर्यंत. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी तेव्हा सगळ्यात कमी झालेल्या असतात. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा. तो नंबर तुमच्याही फोनमध्ये हवा. आणि तुम्हाला सर्दी झाली असेल, तर त्या आठवड्यात तिच्याकडे न फिरकणं हीसुद्धा मदतच आहे.

(दृश्य: शर्टाचं बटण. बोटं दोनदा निसटतात.)

काही औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात. बटण लागत नाही, सुई धरवत नाही, बाटलीचं झाकण फिरत नाही. ती हे सहसा सांगत नाही. बघणाऱ्यानं बघावं.

बोलायचं काय? 'अमक्याच्या आत्यालाही हाच होता' इथून सुरू झालेली गोष्ट बहुतेकदा वाईट वळणावर संपते, तेव्हा ती नकोच. फॉरवर्ड केलेले उपायही नकोत. 'पॉझिटिव्ह राहा' हे तर जरा जपूनच. तिच्या रिपोर्टात त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो, आणि रडू आलं की आपणच कुठे कमी पडलो असं तिला वाटू लागतं.

काही गोष्टी मात्र त्यातून गेलेल्यालाच कळतात. १९५२ साली अमेरिकेत टेरेस लासर यांचा स्तन शस्त्रक्रियेनं काढावा लागला. पुढचं कसं जगायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मग त्या स्वतःच नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना भेटू लागल्या. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' उभं राहिलं, आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते काम आपल्याकडे घेतलं. तिला अशा कुणाशी गाठ घालून द्यायची असेल तर आधी तिला विचारा. प्रत्येकीला ते हवंच असतं असं नाही.

रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. यंत्राखाली काही मिनिटं, पण जाण्यायेण्यात अख्खा दिवस. चौघांनी वार वाटून घेतले तर घरच्या माणसालाही एखादी दुपार झोपता येते. त्याची विचारपूस फारशी कुणी करत नाही. आणि हो, दर शंभर रुग्णांत जास्तीत जास्त एखादा पुरुष असतो. स्त्रियांनी भरलेल्या त्या वेटिंग रूममध्ये रिसेप्शनवरून 'मॅडम' अशी हाक येते आणि तो उठून उभा राहतो. त्याच्या शेजारीही कुणी बसायला हवं.

(दृश्य: नवे, आखूड केस. मेसेजची टोन आता नाही.)

केस आले की लोकांच्या लेखी आजार संपला. तिची हार्मोनला रोखणारी गोळी मात्र बऱ्याचदा पाच वर्षं चालते, कधी दहा. सांधे धरतात, रात्री घामानं जाग येते. ज्यांचा कॅन्सर हाडांत किंवा यकृतात पसरलाय, त्यांचे उपचार संपतच नाहीत. 'कधी संपणार गं?' याला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

(दृश्य: मॅमोग्राफीबाहेरची बाकं. दोन मैत्रिणी.)

आज वर्षाची तपासणी. तारीख मैत्रिणीनं मागच्या वर्षीच आपल्या फोनमध्ये टाकून ठेवली होती. पाऊण तास झाला. मासिकाचं तेच पान उघडं आहे. मैत्रीण आपल्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या भांडणाबद्दल सांगतेय, अगदी तपशिलात. मध्येच आतून नाव पुकारतात.

"थांब," ती उठता उठता म्हणते, "पुढचं मी आल्यावर सांग."