डाव्या चाकाचा नट

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या कितीतरी वाड्यांच्या मागच्या पडवीत, गोठ्याच्या बाजूला किंवा शेतातल्या आखाड्यावर आजही एखादी जुनी जीप ताडपत्रीखाली उभी असते. ती पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे जाते. परंतु पहिली अडचण येते ती चाकापाशी, कारण ब्रेक तपासण्यासाठी ड्रम उघडावा लागतो, ड्रम उघडण्यासाठी चाक काढावे लागते आणि चाकाचे नट जागचे हलत नाहीत. आज मला या जाम झालेल्या नटांविषयी आणि ते ज्यावर बसतात त्या स्टडविषयी बोलायचे आहे.

नट जाम होतो तो गंजाने. लोखंड गंजले की तयार होणाऱ्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा लागते, आणि आट्यांमधली बारीक फट भरून गेल्यावर तो गंज नटाला स्टडवर घट्ट धरून ठेवतो. आपली हवा कोकणासारखी दमट नाही, म्हणून आपल्याकडे गंज कमी, असे अनेकजण मानतात. पण काळ्या मातीचा चिखल चाकाच्या पाटीमागे, म्हणजे मधल्या लोखंडी तबकडीमागे, एकदा भरला की तो ओल बराच काळ सोडत नाही, आणि गाडी गोठ्यालगत उभी असेल तर शेणमुताची ओल त्यात भर घालते.

अशा नटाला पाना लावण्यापूर्वी स्टडचे बाहेर आलेले टोक तारेच्या ब्रशने स्वच्छ करावे, त्यावर रॉकेल किंवा पातळ तेल सोडावे आणि निदान एक रात्र तसेच राहू द्यावे. नटाची पहिली ढिलाई चाक जमिनीवर असतानाच करावी. हँडब्रेक ओढलेला असावा आणि चाकांना दगड लावलेले असावेत. पुन्हा सांगतो, चाक जमिनीवर असतानाच. जॅकवर उचललेल्या गाडीला लांब पाइप लावून हिसका दिला तर गाडी जॅकवरून घसरते, आणि खाली माणूस असला तर त्याचा जीव जातो. पाना सहा कोनांचा आणि नटावर नेमका बसणारा असावा. जुन्या जीपचा नट बहुधा पाऊण इंची असतो, म्हणजे 19.05 मिलिमीटर, त्यामुळे त्याला आपला 19 चा पाना चालतो. इतर इंची मापांचे मात्र असे जुळतेच असे नाही, आणि झिजलेला पाना नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा विषय निवडला, तो सांगतो.

अंबड तालुक्यातल्या एका गावात माझ्या स्नेह्यांचा वाडा आहे. त्यांच्या आजोबांची जीप तिथे वर्षानुवर्षे उभी होती. नाथषष्ठीला पैठणच्या वाटेवर वारकऱ्यांचा शिधा त्या जीपमधून जात असे, आणि घरातल्या तरुण मुलांनी यंदा तीच जीप षष्ठीपर्यंत चालू करायची असा निश्चय केला होता. इंजिन चालू झाले, पण ब्रेक धरत नव्हते. चाके काढायला घेतली, तेव्हा उजव्या बाजूचे नट एका रात्रीच्या तेलाने आणि थोड्या जोराने सुटले. डाव्या बाजूचा एकही नट हलेना. मुलांनी पान्याला पुरुषभर उंचीचा पाइप लावला आणि दोघेजण त्यावर लोंबकळले. टण् असा आवाज झाला आणि नट सुटण्याऐवजी स्टडच तुटून नटासकट खाली पडला. गंजाने स्टड कमजोर झाला असेल असे समजून त्यांनी दुसरा धरला, आणि तोही तसाच तुटला.

मग जालन्याहून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. आमच्या भागात गॅरेजमधल्या जाणत्या माणसाला उस्ताद म्हणतात, आणि ते खरोखरच उस्ताद होते. त्यांनी आल्याबरोबर पान्याला हात लावला नाही. चाकापुढे उकिडवे बसून रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने एका स्टडचे टोक पुसले, नखाने आटे खरवडले आणि बॅटरीचा उजेड तिरपा धरून बराच वेळ पाहिले. नंतर घरातल्या थोरल्या मुलाला जवळ बोलावून ते म्हणाले, ‘‘बेटा, हे बघ काय लिहिलंय.’’ स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ हे अक्षर ठोकलेले होते. ‘‘हा डावा आटा आहे. सकाळपासून तुम्ही नट खोलत नाहीत, कसत आहात.’’

श्रोतेहो, हीच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विलिज जीपना आणि तिच्याच घराण्यातल्या, 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेल्या जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांवर उलटे आटे असत. चाक पुढे धावताना नट सैल होऊ नये, हा त्यामागचा विचार होता. डॉज, प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्यांवर ही पद्धत 1970च्या आसपासपर्यंत टिकून होती. डावी बाजू म्हणजे गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर आपल्या डाव्या हाताची बाजू. त्या बाजूचा उलट्या आट्यांचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. पुन्हा सांगतो, उलटा आटा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो. तरीही केवळ बाजूवर विसंबू नये. इतक्या वर्षांत कोणीतरी हब, म्हणजे स्टड ज्यात बसवलेले असतात तो चाकामागचा भाग, बदललेले असू शकते, म्हणून प्रत्येक स्टडचे आटे डोळ्यांनी पाहावेत आणि उजव्या चाकाच्या आट्यांशी ताडून बघावेत. झुकाव उलटा असेल तर तो लगेच दिसतो.

दिशा समजली तरी काम संपले नव्हते, कारण उरलेले तीन नट आता गंजाबरोबरच पाइपच्या जोरानेही आवळले गेले होते. एका मुलाने गॅसची ज्योत लावण्याचे सुचवले. उस्तादांनी ते ठामपणे नाकारले, आणि मीही तुम्हाला तेच सांगतो: टायर बसवलेल्या चाकाला ज्योत लावू नये. तापलेल्या टायरच्या आत वायू तयार होऊन दाब वाढतो आणि टायर फुटून माणसे दगावतात; शिवाय रॉकेलाने भिजलेल्या जागी आग लागते ती वेगळीच. त्यांनी एक जड घण नटाच्या एका सपाट बाजूला टेकवून धरायला सांगितला आणि समोरच्या बाजूवर हातोडीचे बेताचे ठोके दिले. मग पुढची बाजू, मग त्यापुढची. ठोक्यांनी आट्यांमधला गंज तडकतो आणि तेलाला आत वाट मिळते. तेल सोडून, ठोके देऊन, पुन्हा तेल सोडून त्यांनी दुपार तशीच जाऊ दिली. ऊन कलल्यावर पाना लावला, हाताने सावकाश जोर वाढवत नेला, आणि करकर असा कोरडा आवाज करत नट किंचित फिरला. इथे मुलांनी तो एकदम सोडायची घाई केली असती. उस्तादांनी मात्र पाव फेरा पुढे, त्याच्या निम्मा मागे, पुन्हा तेल, असे करत तो उतरवला, कारण तडकलेल्या गंजाची पूड आट्यांत दाटली तर नट अर्ध्यावर पुन्हा धरतो आणि आटे सोलून काढतो.

तुटलेल्या दोन स्टडचे काम खरे नाजूक होते. या जुन्या जीपचे स्टड ड्रम आणि हब यांना एकत्र धरण्यासाठी रिव्हेटसारखे ठोकून पसरवलेले असतात. तो पसरलेला भाग आधी कापून न काढता स्टड मागे ठोकला तर हबचे भोक मोठे होते आणि नवा स्टड त्यात नुसता फिरत राहतो. म्हणून हब जालन्याला वर्कशॉपमध्ये नेले, पसरलेली कड कापून काढली आणि मगच स्टड प्रेसने बाहेर काढले. तिथल्या कारागिराने साध्या सळईतून लेथवर उलटे आटे पाडून देण्याची तयारी दाखवली होती. जालना हे लोखंडाचे गाव, तिथे हवी ती सळई मिळते. पण चाकाच्या स्टडला कडक केलेले मिश्र पोलाद लागते, आणि साधी सळई किंवा वेल्डिंग केलेला बोल्ट तिथे कधीही चालवू नये. जुन्या जीपचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानातून डाव्या आट्यांचे मूळ स्टड मिळेपर्यंत ते थांबले. त्या मुलांची षष्ठी हुकली, आणि तरीही थांबणे हेच बरोबर होते असे माझे ठाम मत आहे.

अशा वेळी पुष्कळ लोक सोपा मार्ग काढतात आणि सगळी चाके नव्या गाडीची बसवून मोकळे होतात. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन 50 वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळू लागली. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि ही अट मला अगदी योग्य वाटते. तसेच हायवेवरच्या टायरच्या दुकानांत हवेच्या गनने नट शेवटपर्यंत आवळण्याची जी सवय पडली आहे, ती बंद झाली पाहिजे. आजचे कितीतरी नट गंजाने नव्हे, त्या गनने जाम झालेले आहेत.

चाक परत बसवताना नटाचा निमुळता भाग आणि पाटीवरची त्याची बैठक स्वच्छ, कोरडी ठेवावी. आट्यांना तेलाचा राप चढवून मग पूर्ण जोराने आवळू नये, कारण तेलकट आट्यांवर तोच जोर स्टडला जास्त ताणतो. नट ओळीने न आवळता समोरासमोर आवळावेत, आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत. उस्तादांनी त्या जीपच्या दोन्ही डाव्या चाकांवर पांढऱ्या रंगाने बाण काढून ‘सोडण्यासाठी इकडे’ असे लिहून ठेवले. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी चाकाला पाना लावण्याआधी असा बाण रंगवून घ्यावा, आणि पंक्चर काढणाऱ्याला तो दाखवूनच काम सुरू करू द्यावे.

नमस्कार.