'किती आलं?' आणि 'कसं काढलंस?'

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेनं केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

मंडळी, नमस्कार.

तिळगूळ वाटून झाला, गुळाची पोळी तुपासकट पोटात गेली, आणि आता तुम्हाला भाषणाला बसवलंय. मला याची सवय आहे. एकतीस वर्षं मधल्या सुट्टीनंतरचा तास माझ्याच वाट्याला यायचा. कुणाला डुलकी लागली तर मी खडू फेकून मारणार नाही.

मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, बहुतेक वर्षं चौथीचा वर्ग. आता इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात मुलाकडे असते. नात चौथीत आहे. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या बाईंनी पालकांना विचारलं, आठवड्यातून एकदा वर्गात मदतीला कुणी येईल का? सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीच जा." मी म्हटलं, अगं, माझं इंग्रजी! तर नात म्हणाली, "आजी, डोंट वरी, आम्ही सांभाळून घेऊ." आधी टीबीची तपासणी करून कागद द्यावा लागला. एकतीस वर्षं खडूची धूळ खाल्ली तेव्हा कुणी छाती तपासली नाही, आणि इथे पेन्सिलींना टोक काढायला जायचं तर डॉक्टरचा दाखला. असो. तेव्हापासून दर मंगळवारी मी चौथीत जाते. या वयात पुन्हा चौथीत बसायला मिळणं हे भाग्यच.

आज विषय एवढाच, की आपली मुलं तिथे नेमकं काय शिकतात. कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत मी एकच वाक्य ऐकते: "इथे काही शिकवतच नाहीत हो." मीही आल्या आल्या तेच म्हणत होते.

गणितापासून सुरू करते, कारण भांडण तिथेच होतं. आमच्याही घरी झालं. नातीला घरचा अभ्यास होता, छत्तीस गुणिले चोवीस. तिनं एक मोठी चौकट काढली, तिचे चार भाग केले. वर तीस आणि सहा, बाजूला वीस आणि चार. चार घरांत सहाशे, एकशेवीस, एकशेवीस आणि चोवीस. बेरीज आठशे चौसष्ट. मुलगा ऑफिसच्या कॉलवरून उठून आला, बघितलं, आणि म्हणाला, "हे काय चित्र काढत बसलीस? एकाखाली एक लिही, हातचा घे, संपलं." तिनं तसं केलं. हातचा विसरली. उत्तर चुकलं. मग रडारड.

मी मात्र त्या चौकटीकडे बघतच राहिले. आमच्या गावचे वाणी, शाळेचं तोंड न पाहिलेले, याच रीतीनं हिशेब करायचे. छत्तीस विसा सातशेवीस, छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस, झाले आठशे चौसष्ट. कागद नाही, पेन्सिल नाही. संख्या फोडायची, सोपे तुकडे करायचे, मग जोडायचे. आपण शाळेत शिकलो ती उभी रीत झटपट आहे, पण त्यात चोवीसमधला दोन म्हणजे वीस आहे हे पोराला कळतंच असं नाही. 'दुसऱ्या ओळीत शून्य का ठेवायचं?' असं मी माझ्या वर्गात किती जणांना विचारलं असेल! उत्तर यायचं, "बाई, तुम्हीच सांगितलंय म्हणून."

इथल्या बाईंनी मला समजावलं. कॅलिफोर्नियाने २०१० साली जो आराखडा स्वीकारला, त्यात ही उभी रीत पाचवीत पक्की करून घ्यायची आहे. चौथीत आधी चौकट. म्हणजे मुलाचं चुकलं नव्हतं, तो फक्त एक इयत्ता पुढे पळत होता.

आता त्यांचं काय कमी पडतं तेही सांगते. पाढे. नियमाप्रमाणे एक अंकी गुणाकार तिसरीच्या अखेरीस तोंडपाठ व्हायला हवेत. होत नाहीत. साताठी छप्पन म्हणायला अर्धा वर्ग बोटं मोडतो, नाहीतर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतो. आपल्याकडे 'बे एके बे, बे दुणे चार' या चालीतच निम्मं काम व्हायचं. इंग्रजीत ती चाल नाही. म्हणून रविवारच्या आपल्या मराठी वर्गात मी पाढे सुरू केले आहेत, आणि मुलं टाळ्या वाजवत म्हणतात. फक्त मराठी आकडे त्यांना छळतात. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन? यावर हसू नका. पाटणच्या पोरांनाही 'पंचवीस' सांगितलं की बावन्न लिहिताना मी पाहिलंय, कारण कानावर आधी पाच पडतो आणि वीस नंतर. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशीही वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. टीकाकारांपैकी कितींनी दुसरीच्या वर्गात तास घेतला होता, देव जाणे. मला स्वतःला 'पंचवीस'च आवडतं. पण दुखणं खरं होतं.

नोव्हेंबरात अपूर्णांक आले आणि माझी कॉलर एकदम ताठ झाली. बाईंनी वर्गात मापाचे कप आणले होते, पाव कप, अर्धा कप, तांदूळ भरून बघायचे. तीन चतुर्थांश कप म्हणजे पाव कप किती वेळा, असं चाललं होतं. मी नातीच्या कानात म्हटलं, 'पाऊण'. बाईंनी ऐकलं आणि मला फळ्याशी बोलावलं. मग मी लिहिलं: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. दीडसाठी एकच शब्द आहे हे ऐकून मुलं थक्क. आमच्या आजोबांना दिडकी, अडीचकी आणि औटकीचे पाढे पाठ होते, म्हणजे साडेतीनचासुद्धा, हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "का?" मी म्हटलं, बाजारात साडेतीन शेर घेणारं गिऱ्हाईक उभं असायचं म्हणून. त्यानं लगेच एक तृतीयांशचा कप वर धरला. "याला काय म्हणता?" मी म्हटलं, "एक तृतीयांश." तो म्हणाला, "हा तर लांब शब्द आहे." पकडली की नाही मला!

वाचन-लेखनाबद्दल थोडक्यात. धडा वाचला की प्रश्नाच्या उत्तरासोबत मजकुरातला पुरावा द्यावा लागतो, कुठल्या वाक्यावरून म्हणतोस ते. याचा घरी त्रास होतो. "लवकर झोपलं की हुशारी येते" असं मी म्हटलं की नात विचारते, "आजी, पुरावा?" आणि जोडून लिहायची लपेटदार इंग्रजी लिपी पुन्हा आली आहे. २०२३ मध्ये कायदा झाला, पहिली ते सहावी शिकवायचीच. मला आमच्या घरातली मोडी कागदपत्रं आठवली, जी आता घरात कुणालाच वाचता येत नाहीत.

इतिहासाकडे येते. इथेही चौथीला आपल्या राज्याचा इतिहास असतो, जसा महाराष्ट्रात चौथीला शिवछत्रपतींचा. १७६९ मध्ये सॅन दिएगोला पहिलं स्पॅनिश मिशन, म्हणजे पाद्र्यांची धर्मप्रसाराची वसाहत, उभं राहिलं, १८२३ पर्यंत एकवीस झाली. पुढे १८४८ च्या जानेवारीत कोलोमाला सोनं सापडलं, आणि १८५० मध्ये राज्य झालं. पूर्वी चौथीतलं प्रत्येक मूल साखरेच्या चौकोनी वड्यांचं किंवा आइस्क्रीमच्या काड्यांचं मिशन बनवायचं, आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यासारखं. इथे वाढलेल्या चाळिशीतल्या कुणालाही विचारा. २०१६ मध्ये राज्यानं इतिहासाच्या अभ्यासक्रमाचा नवा आराखडा आणला आणि त्यात सांगितलं, हे मॉडेल पुरे. त्या भिंतींच्या आत इथल्या मूळ लोकांचं काय झालं, रोगराईनं आणि राबवून घेण्यानं किती माणसं गेली, ते साखरेच्या वड्यांतून कळत नाही. आता आमच्या वर्गात मुलं ओलोनी लोकांबद्दल वाचतात, ज्यांच्या जमिनीवर आपण हा हॉल भाड्यानं घेतलाय. एकाच प्रसंगाबद्दल पाद्र्यानं काय लिहिलं आणि तिथल्या माणसांच्या वंशजांनी काय सांगितलं, ते शेजारी शेजारी ठेवतात.

मी मागच्या बाकावर बसून विचार करत होते. प्रतापगडाचा धडा मी इतक्या वेळा शिकवला, १० नोव्हेंबर १६५९ पोरांकडून घोटून घेतलं, पण 'हे आपल्याला कशावरून कळलं?' हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. बखर काय आणि पत्र काय, हे चौथीतल्या पोराला कळलं असतं की! दुसरी बाजूही आहे. मी तो धडा सांगताना खिडकीबाहेरचे गुराखी येऊन उभे राहायचे. इथे कागद छान वाटले जातात, पण गोष्ट अशी कुणी सांगत नाही. मला दोन्ही हवंय. लोभी आहे मी.

आणि आता विज्ञान. ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी भूकंपाचा सराव झाला. घंटा होताच पोरं बाकाखाली, एक हात मानेवर, दुसऱ्यानं बाकाचा पाय धरलेला. पुढच्या मंगळवारी प्रयोग. कोरड्या स्पॅगेटीच्या काड्या आणि मार्शमेलोचे सांधे लावून मनोरा उभा करायचा, तो जेलीच्या ताटात ठेवायचा आणि ताट हलवायचं. नातीच्या गटाचा मनोरा तीन हिसक्यांत आडवा झाला. शेजारच्यांनी तिरप्या काड्या घातल्या होत्या, तो टिकला. मग सगळ्यांनी वहीत लिहिलं, का टिकला. बाईंनी नकाशावर हेवर्डचा फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भेग, दाखवला, जो आपल्याच पायाखालून जातो, आणि १९८९ च्या लोमा प्रिएटाच्या भूकंपाबद्दल सांगितलं.

मी हात वर केला. होय, मुलांसारखाच. म्हटलं, मी एक भूकंप पाहिलाय. ११ डिसेंबर १९६७, पहाटे. मी दुसरीत होते. आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, आणि आमच्या घराची मागची भिंत आवाज न करता खाली बसली. म्हणजे आवाज झाला असणारच, पण मला तो आठवत नाही. कोयना भागात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. वर्ग चिडीचूप झाला. मग नेहमीप्रमाणे प्रश्न. भिंत कशाची होती? दगडमातीची. तिरप्या काड्या होत्या का? नव्हत्या. एका मुलीनं विचारलं, तिथे पण फॉल्ट आहे का? मी सांगितलं, आहे, आणि वर धरण आहे. धरणात साठलेल्या पाण्यामुळे तिथले भूकंप होतात असं शास्त्रज्ञ मानतात, कोयनेचं उदाहरण त्यासाठी जगभर देतात. ती म्हणाली, "पाण्यामुळे? कसं?" भार पडतो आणि पाणी भेगांत मुरतं, एवढं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. ती अजून दर मंगळवारी मला काहीतरी विचारतेच.

मला जे दिसलं ते असं. शाळेत पोराला विचारतात, "कसं काढलंस?" आणि घरी आपण विचारतो, "किती आलं?" सहा तास एका प्रश्नाची तयारी करून आलेलं पोर घरी दुसऱ्याच प्रश्नाला उभं राहतं आणि नापास होतं. आमच्याकडे आता ठरलंय, मुलानं आधी तिच्याकडून ती चौकट शिकून घ्यायची. गेल्या आठवड्यात त्यानं केली. त्याचं एका घरात चुकलं. नातीनं त्याला विचारलं, "बाबा, तू कसा विचार केलास ते सांग." त्यानं सांगितलं, आणि सांगता सांगता चूक त्यालाच सापडली.

शेवटी एक काम. पुढचा भाग कोनांचा आणि सममितीचा आहे, आणि बाईंनी मला संक्रांतीबद्दल बोलायला सांगितलंय. पतंगाच्या मधोमध दोरा धरून घडी घातली की दोन्ही बाजू जुळतात, चारही कोन कोनमापकानं मोजता येतात. वर्गात सव्वीस मुलं आहेत आणि माझ्याकडे पतंग तीन. तर ज्यांच्याकडे शिल्लक असतील त्यांनी जाताना बाहेरच्या टेबलावर ठेवा. फाटका चालेल. मांजा आणू नका, शाळेत नेऊ देणार नाहीत.