कोरडी, लाकडी, मुरलेली

(दृश्य: अंधारं गोदाम. लाकडी हातोडीचे टोले.)

पिंपाचं बूच ओढून निघत नाही. बुचाच्या दोन्ही अंगाला फळीवर असे टोले द्यायचे. फळी हादरते आणि बूच आपसूक वर येतं. मग आत जाते ही लांब नळी. हिला इथे 'चोर' म्हणतात. नाव चपखल आहे. वरच्या तोंडावर अंगठा दाबला की घोटभर रम नळीत अडकून बाहेर येते.

रंग बघा. ओल्या तांब्यासारखा. भट्टीतून निघाली तेव्हा ही रम पाण्यासारखी पांढरी होती.

आपण बार्बाडोसमध्ये आहोत, कॅरिबियन बेटांतलं सगळ्यात पूर्वेचं बेट. उत्तर टोकाच्या सेंट लूसी भागात माउंट गे नावाची भट्टी आहे. तिथल्या २० फेब्रुवारी १७०३ च्या एका दस्तात भट्टीच्या सामानाची यादी सापडते. बेटावर रम मात्र त्याच्याही आधीपासून आहे. १६५० च्या सुमाराला तिला 'किल-डेव्हिल' म्हणायचे, सैतानालाही आडवं करणारी. उसाच्या मळ्यांत राबणारे होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ साली झाला, लागू झाला १८३४ साली, खरी सुटका १८३८ साली.

(दृश्य: पिंपाच्या आतली जळकी फळी, जवळून.)

ही फळी अमेरिकन पांढऱ्या ओकची. बर्बन व्हिस्कीसाठी अमेरिकेत दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंपच वापरावं लागतं, कायदाच तसा आहे. त्यामुळे एकदा वापरून झालेली पिंपं बाहेर विकली जातात आणि सुमारे २०० लिटरचं असं पिंप बोटीने इथे येतं.

काळा थर कोळशाचा. त्याच्या मागची ही तांबूस रेघ दिसतेय का? इथपर्यंत दारू झिरपलेली आहे. दिवसाच्या उन्हात ती फुगून लाकडात शिरते, गारवा आला की मागे सरते. येताना रिकाम्या हाताने येत नाही. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास येतो, ओकच्या तेलकट अंशातून खोबऱ्याचा, आणि थोडा लवंगेचा. त्याबरोबर टॅनिन उतरतं. जीभ कोरडी करणारं ते हेच.

उन्हाची किंमतही आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातला वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो. इथे सहा टक्के, कधी त्याहून जास्त. सहाच धरले तरी बारा वर्षांनी पिंपात निम्म्याहून कमी उरतं. भिंतीवरची ही काळी बुरशी त्या उडालेल्या वाफेवरच जगते.

बाटलीवरचा बाराचा आकडा इथल्या रीतीने मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या रमचं वय सांगतो. सगळीकडे तसं नसतं. कुठे कुठे लेबलवर भलामोठा आकडा नुसता शोभेला असतो.

(दृश्य: काचेचं उभं नळकांडं, त्यात तरंगणारा हायड्रोमीटर.)

आता हा छोटा प्रयोग. हायड्रोमीटर म्हणजे ही काचेची तरंगती नळी, दारूत किती बुडते त्यावरून अल्कोहोलचा आकडा दाखवते. दोन्ही बाटल्यांवर चाळीस टक्के अल्कोहोल लिहिलंय आणि दोन्ही रम एकाच तापमानाला आणल्या आहेत. पहिलीत हायड्रोमीटर बुडतो आणि चाळिसाच्या जवळ थांबतो. लाकडातून उतरलेल्या द्रव्यांमुळे थोडाफार फरक पडायचाच. दुसरीत बघा. छत्तीस! अल्कोहोल कुठे गेलं? कुठेच नाही. रम जड झाली म्हणून काच वर राहिली. हे वजन साखरेचं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे लिटरला २० ग्रॅमपर्यंत गोडवा चालतो, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या बाटलीत १४ ग्रॅम. बेकायदा नाहीच. पण बारा वर्षं लाकडाने जे कमावलं, त्यावर शेवटच्या दिवशी पाक ओतायचा, हे काही पटत नाही.

रम मळीपासून होते म्हणून ती गोडच असणार, असं पुष्कळांना वाटतं. मळीतली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि उरलेली भट्टीतून वर चढत नाही. गोड लागली, तर गोडवा नंतर आलेला असतो.

(दृश्य: ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास, खिडकीचा उजेड.)

तीस मिलिलिटर पुरे. यकृताला जुनी-नवी कळत नाही. बर्फ नको, कोला तर नकोच.

ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. मग ग्लास हनुवटीशी धरा, नाक आत खुपसू नका, ओठ किंचित उघडे ठेवा. पहिला भपका अल्कोहोलचा, तो जाऊ द्या. मागून येतं सुतारखान्यात रंधा मारताना दरवळतं तसलं काहीतरी. मग जुनं चामडं, सुकी तंबाखू, संत्र्याची साल.

पहिला घोट फक्त जिभेला ओळख करून द्यायला. त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोळवा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या. सुरुवातीला वाटतं गोडसर आहे, आणि तेवढ्यात गालांच्या आतून कातडी आवळल्यासारखी होते. बिनसाखरेचा कडक कोरा चहा प्यायल्यावर होतं तशी. काहींना हे आवडत नाही. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, ही रम आहे की भिजवलेलं कपाट?

फार आवळत असेल, तर दोन थेंब पाणी. दोनच. लाकूड जरा मागे सरकतं आणि फळांचा वास पुढे येतो. अति मुरलेल्या रममध्ये तेही होत नाही, नुसता कडवट भुसा उरतो. पिंप कधी रिकामं करायचं, हे ओळखण्यात इथल्या माणसांची खरी कसोटी आहे.

(दृश्य: सकाळ. तोच ग्लास, रिकामा.)

रात्री हा धुतला नव्हता, मुद्दामच. अल्कोहोल उडून गेलंय. तळाशी एक तपकिरी डाग सुकलाय. हुंगून बघा. शिसपेन्सिल नुकतीच तासली आहे.