घोरणारा नातू आणि आजीची माळ

नमस्कार मंडळी. मूल घोरायला लागलं की आपल्याकडे त्याचं कौतुकच होतं. 'बापावर गेलाय', 'दिवसभर खळ्यात हुंदडलाय, गाढ झोपलाय.' सर्दी-पडशात चार रात्री नाक वाजलं तर माझीही तक्रार नाही. पण सर्दी नसताना आठवड्यातून तीन-चार रात्री घोरणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं, मधेच श्वास अडकून दचकणारं मूल असेल, तर ते कौतुकाचं नाही. ते डॉक्टरांना दाखवायचं. पुन्हा सांगतो, सर्दी नसताना घोरणं आणि मधेच श्वास अडकणं.

या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घशात दोन बाजूंना टॉन्सिल असतात, ते आपण आरशात बघतो. नाकाच्या मागे, टाळूच्या वर, तसाच एक गोळा असतो, ॲडेनॉइड. तो तोंड उघडून दिसत नाही. दोन ते आठ वर्षांच्या वयात हे दोन्ही वाढलेले असतात आणि वाट मात्र अरुंद असते. जागेपणी निभावतं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि पोफळीच्या बागेतल्या पाटात नारळाची सोडणं अडकावीत तशी हवा अडते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, श्वास सुटतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. सकाळी मुलाला यातलं काहीही आठवत नाही.

आता मला सांगायची आहे ती आजीची गोष्ट.

मालवणच्या बाजूची आजी. सात वर्षांच्या नातवाला घेऊन आमच्या दवाखान्यात आली. बरोबर मुलाची आई, आणि गणपतीला आलेला मुंबईचा चाकरमानी काका. आईची तक्रार वेगळीच होती. शाळेत गुरुजी म्हणतात लक्ष नाही, सारखी चुळबुळ, पाढे सातच्या पुढे सरकत नाहीत, आणि अजून अंथरूण ओलं करतो. काकाने निदान आधीच करून टाकलं होतं, 'मोबाइल, दुसरं काय!' चाकरमान्यांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, ते गणपतीच्या पाच दिवसांत वाटून ते परत जातात.

आजी गप्प होती. मी विचारलं, रात्री झोप कशी आहे? आई म्हणाली, छान, घोरतो चांगला. तेव्हा आजी बोलली, "डॉक्टरानु, घोरता तवसर माका काय वाटणा नाय. घोरूचा बंद झाला की मगे भ्या वाटता."

मी खुर्ची पुढे ओढली. आजीचे गुडघे दुखतात, तिला रात्री झोप नाही. माजघरात नातवाशेजारी पडून ती तुळशीची माळ ओढत असते. तिच्या लक्षात आलं की पोर घोरता घोरता एकदम थांबतं. छाती हलते, पोट हलतं, पण नाकातोंडातून वारा नाही. मग मोठा हिसका देऊन श्वास घेतं, कूस बदलतं, मान मागे टाकतं. त्या थांबण्यात माळेचे किती मणी सरकतात ते तिने मोजलं होतं. "बारा मणी जातत. कधी कधी चौदा."

मी घड्याळ काढलं आणि म्हटलं, आजी, तुमच्या रोजच्या लयीत जप करा. बारा मण्यांना पंधरा सेकंद लागले. काका हसायचा थांबला. मुलांत दोन श्वासांइतका वेळ हवा अडली तरी ती मोजली जाते, आणि तासाला एकापेक्षा जास्त वेळा अडली तर ते बरं नव्हे. मोठ्या माणसांना पाचपर्यंत माफ असतं. पोराला रात्रभराच्या तपासणीसाठी कोल्हापूरला पाठवलं. अंगाला तारा लावून झोपवतात, श्वास, ऑक्सिजन, मेंदूच्या लहरी, सगळं मोजतात. आजीची माळ आणि तिथलं यंत्र यांचं एकमत झालं.

टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले. पुढे आजी एकदा गुडघ्यांसाठी आली. म्हणाली, "आता पोरगो गप झोपता, पण माझी झोप खय गेली?" घोरणं ऐकू येत नाही म्हणून ती दर थोड्या वेळाने उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होती!

आता तुम्ही विचाराल, पाढ्यांचं काय झालं? अंथरूण कोरडं राहू लागलं, चुळबुळ कमी झाली, पाढे बारापर्यंत गेले. पण ऑपरेशन केलं की पोर हुशार होतं, असं मी म्हणणार नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेव्हिड गोझल या डॉक्टरांनी अमेरिकेत पहिलीच्या वर्गातली, सर्वांत मागे पडलेली 297 मुलं तपासली. त्यांतल्या 54 जणांचा श्वास झोपेत बिघडत होता. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांचे गुण पुढच्या वर्षी वाढले, ज्यांनी नाही केलं त्यांचे जिथल्या तिथे. पण 2013 साली 464 मुलांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ऑपरेशननंतर झोप सुधारली, वागणं सुधारलं, पण सात महिन्यांनी घेतलेल्या एकाग्रतेच्या परीक्षेत म्हणावा तसा फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून पोराला 'मठ्ठ' म्हणण्याआधी ते रात्री झोपतं कसं ते बघा. लहान मूल झोप अपुरी झाली की मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट जास्त धुडगूस घालतं. शाळेत शिक्षा मात्र त्यालाच होते.

जाता जाता घराबद्दल बोलतो. मंगलोरी कौलांच्या फटींतून हवा खेळायची. आता सगळीकडे स्लॅब, सरकत्या खिडक्या, जून ते सप्टेंबर त्या बंद, भिंतीला बुरशी, आणि त्यात मच्छर अगरबत्तीचा धूर. पोरांची नाकं चोंदणार नाहीत तर काय? मला जुनाट म्हणा हवं तर. स्लॅब गळायला लागला की वर पत्र्याची शेड घालताच ना तुम्ही!

असो. पोर झोपल्यावर दिवा लावा, अंगातला सदरा वर करा आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांची चित्रफीत घ्या, आवाजासकट. छाती आणि तोंड दोन्ही दिसू देत. ती घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही, सौम्य त्रासाला कधी नाकातला फवारा पुरतो. ऑपरेशन झालंच, तरी दोन महिन्यांनी पुन्हा दाखवून घ्या, विशेषतः पोर अंगाने जाड असेल तर. अशा मुलांत त्रास थोडा उरतो आणि त्याचे उपाय वेगळे असतात. नमस्कार.